नागपूरला एक सार्वजनिक पटिंग ग्रीन हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या उद्यानांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. कारंजी, ओपन जिम, लहान मुलांचे झोपाळे असं बरंच काही त्यात असतं. त्या यादीत पटिंग ग्रीनची, म्हणजे गोल्फचा बॉल घरंगळत होलमध्ये घालण्यासाठीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची भर घालावी, असं मला मनापासून वाटतं. ती का, हे जरा सविस्तर लिहितो.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता, हौशी गोल्फर. साठी ओलांडली की ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) आखूड होत जातो. खांदे पुरते फिरत नाहीत, कंबर साथ देत नाही. पूर्वी जिथं आठ नंबरच्या आयर्नने (गोल्फच्या लोखंडी काठीने) बॉल ग्रीनवर पोचायचा, तिथं आता त्याहून लांब मारणारी हायब्रिड काठी वापरूनही वीस यार्ड अलीकडेच राहतो. माझ्या वयाचे बरेच जण यावर उपाय म्हणून ड्राइव्हसाठीची नवी महागडी काठी, ड्रायव्हर, घेतात आणि सरावाच्या रेंजवर बॉलच्या बादल्याच्या बादल्या रिकाम्या करतात. त्यात पैसा जातो आणि पाठही जाते, असं माझं ठाम मत आहे. पार 72 च्या, म्हणजे अठरा होलसाठी 72 फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर प्रत्येक ग्रीनला दोन याप्रमाणे 36 पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) हिशेबातच धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ तिथं आहे आणि त्याला दंडातली ताकद लागत नाही.

कुणाला पटत नसेल तर टोकियो ऑलिंपिक आठवावं. आपली गोल्फर अदिती अशोक तिथं चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. त्या स्पर्धेत सर्वांत आखूड ड्राइव्ह असलेल्या खेळाडूंमध्ये ती होती. कोविडमधून उठल्यावर अंगात पुरेशी ताकदही आलेली नव्हती. तरी चारही दिवस ती पदकाच्या शर्यतीत राहिली, ती पटरच्या, म्हणजे पट मारायच्या काठीच्या जोरावर. तेव्हा पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा ज्येष्ठांसाठी याहून मोठा धडा नव्हता.

ग्रीनच्या काठावरून बॉल उंच उचलण्याचा मोह आमच्या वयात सोडावा. लॉब वेज (बॉल उंच उडवणारी काठी) हातात घेतला की मनगट ढिलं पडतं आणि बॉल एक तर जागेवर राहतो, नाही तर पलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात जातो. त्यापेक्षा आठ नंबर घ्या, बॉल मधल्यापेक्षा थोडा मागे ठेवा, वजन डाव्या पायावर, हात किंचित पुढे आणि मनगट न मोडता नुसता ढकला. सपाट ग्रीनवर पिचिंग वेजने (आठ नंबरपेक्षा बॉल उंच उचलणाऱ्या काठीने) एक भाग हवेत गेला तर सुमारे दोन भाग घरंगळतो, आठ नंबरने सुमारे चार भाग. पावलं मोजून बॉल टाकायची जागा ठरवायची आणि नजर तिथंच ठेवायची. काठावरचं गवत बारीक कापलेलं असेल तर तेवढंही नको, सरळ पटर घ्यावा.

पटिंगमध्ये मुख्य गोष्ट वेग. आठ फुटांवरून पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेतले व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. तेव्हा तीस फुटांवरून होल गाठण्याचा ध्यास धरण्यापेक्षा बॉल हातभर अंतरात आणून ठेवावा. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताला कल असतो, म्हणजे पाती एका बाजूला झुकलेली असतात. गवत चकचकीत दिसलं तर बॉल पळतो, काळपट दिसलं तर अडतो. सव्वाचार इंची होलच्या कडेकडे वाकून पाहिलं की ज्या बाजूची कड झिजलेली, खरबरीत दिसते, त्या बाजूला गवत झुकलेलं असतं. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर गेलात तर दव पडलेल्या ग्रीनवर बॉलचा माग उमटतो. कुठून निघाला, कुठं वळायला लागला, शेवटच्या दोन फुटांत किती खाली ओढला गेला, सगळं रेघेसारखं समोर दिसतं. दवामुळे बॉल हळू जातो हे खरं, पण उतार वाचायला शिकावं तर त्या तासात. मी आयुष्यभर कालव्यांच्या लेव्हल घेतल्या, तरी त्या रेघा बघायला मला आजही तितकंच आवडतं.

चष्म्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हे कुणी सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह (दूरचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत असलेला) चष्मा घालून मान खाली घातली की बॉल वाचायच्या काचेतून दिसतो, धूसर आणि जागचा सरकलेला. माणूस महिनोन्‌महिने पकड बदलत राहतो आणि दोष असतो चष्म्यात. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून खेळासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मला त्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कुठल्याही नव्या पटरचा झाला नाही. वाकवत नसेल तर लांब दांड्याचा पटर चालतो, फक्त 2016 पासून तो छातीला किंवा पोटाला टेकवून फटका मारायला मनाई आहे. 2019 पासून पट मारताना होलमधला झेंडा काढावा लागत नाही, तीही आमच्यासाठी सोय झाली.

आता मूळ मुद्दा. हे सगळं अंगात भिनायला रोज अर्धा तास पटर हातात हवा. पण गोल्फ कोर्स बहुतेक छावणीच्या, नाही तर खासगी हद्दीत असतात आणि तिथं प्रवेशाला मर्यादा असणं स्वाभाविक आहे. शिवाय नुसत्या अर्ध्या तासासाठी एवढं लांब रोज कोण जाईल? स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला 1867 साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं ‘हिमालयाज’ नावाचं मैदान आहे. थोडं शुल्क भरून तिथं कुणीही खेळू शकतो, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. गोल्फच्या माहेरघरी हे चालतं, तर आपल्याकडे का चालू नये?

महापालिकेने किंवा सुधार प्रन्यासने एखाद्या उद्यानात दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी जागा यासाठी द्यावी. खरं गवत तीन-चार मिलिमीटरवर रोज कापायला वेगळं यंत्र आणि जाणकार माळी लागतो, म्हणून सुरुवात कृत्रिम हिरवळीने करावी. खाली खडीचा नीट थर द्यावा आणि दीड ते दोन टक्के उतार ठेवावा. त्याने पावसाचं पाणीही निघेल आणि बॉलही वळेल. मे महिन्यात कृत्रिम हिरवळ तव्यासारखी तापते, तेव्हा वेळ फक्त सकाळ-संध्याकाळची. चिपिंगला, म्हणजे बॉल हवेत उचलणाऱ्या छोट्या फटक्यांना परवानगी नको, उद्यानात मुलं खेळतात आणि गोल्फचा बॉल कठीण असतो. अनामत घेऊन चार-सहा पटर चौकीदाराकडे ठेवले तर ज्यांनी कधी कोर्स पाहिलेला नाही, तेही खेळतील. पुढे खरं गवत लावायचं ठरलं तर त्याला पिण्याचं पाणी लागणार नाही. भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच आहे. तसंच पाणी बर्म्युडाला चालतं, कितीतरी गोल्फ कोर्स त्यावरच हिरवे राहतात.

जागा ठरली तर तिची लेव्हल घेऊन उतारांचा नकाशा काढून द्यायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला तयार आहोत. उद्यान विभागाने आपल्या दैनिकामार्फत कळवावं, उपकरणं आमच्याजवळ आहेत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर