सोडिअम, एक खडू आणि तू

प्रिय लंब्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या दोन पत्रांना आठ महिने उत्तर नाही, त्याबद्दलच्या शिव्या भेटल्यावर दे, मी मान खाली घालून ऐकीन. गुडघा तसाच, हिचं बीपी तसंच, पुढे चल.

परवा नववीत मी 'ते' नाटक करत होतो. एक पोरगा सोडिअम, हातात एकच खडू. दुसरा क्लोरीन, हातात सात. मी नेहमीच्या सुरात सुरू केलं, "सोडिअमला शेवटच्या कक्षेतला हा एक इलेक्ट्रॉन नकोसा झालाय, क्लोरीनला नेमका एकच कमी पडतोय." सोडिअमने खडू दिला, दोघांची अष्टकं, म्हणजे शेवटच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण, दोघं सुखी, वर्गात टाळ्या. बावीस वर्षं या जागी टाळ्या पडतात रे.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने वाजवल्या नाहीत. तास संपल्यावर वहीचं पान घेऊन आली. थोरल्या भावाच्या पुस्तकातल्या तक्त्यातून आकडे उतरवले होते. सोडिअमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला प्रति मोल (मोल म्हणजे अणूंचा एक ठरावीक मोठा गठ्ठा) ४९६ किलोज्यूल लागतात. तो क्लोरीनला मिळाला की ३४९ सुटतात. खाली वजाबाकी: १४७ चा तोटा. म्हणाली, "सर, सोडिअमला तो नकोच होता ना? मग काढायला एवढा जोर कशाला?"

त्या क्षणी मला ती दिसलीच नाही. तू दिसलास. वसतिगृहाची गच्ची, तुझी ती लांबलचक बोटं आणि तो कुत्सित प्रश्न: "अणूला मन असतं का रे?" मी म्हणालो होतो, तू जन्मात शिक्षक होणार नाहीस. (झाला नाहीस. तेवढं माझं खरं ठरलं.) एका खोलीत राहून तीन आठवडे आपण बोललो नव्हतो, आणि तह झाला तोही तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तुला माझी वही हवी होती म्हणून.

आता खरी लाजेची गोष्ट. मी तिला काय म्हणालो असेन? "हे पुढच्या वर्गांत येतं, आता परीक्षेपुरतं बघ." चेहरा अगदी गंभीर ठेवून. उत्तर येत नसतं तर निदान अडाणी म्हणून सुटलो असतो. मला ते येत होतं! खड्डा भरून निघतो तो देण्याघेण्यात नाहीच, नंतर. इलेक्ट्रॉन दिलेला धन आयन आणि घेतलेला ऋण आयन एकमेकांना ओढतात, प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम असा स्फटिक रचला जातो, आणि सुट्या आयनांचा स्फटिक होताना प्रति मोल सुमारे ७८७ सुटतात. बॉर्न आणि हाबर या शास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये मांडलेला तोच जमाखर्च, जो तू मला गच्चीवर कोळशाने लिहून दाखवला होतास आणि मी पायाने पुसला होता. धातूतून सोडिअमचे अणू सुटे करायला १०७, क्लोरीनचा रेणू फोडून एक मोल अणू मिळवायला १२१, वर ते ४९६. खर्च ७२४. जमा ३४९ आणि ७८७, म्हणजे ११३६. शिल्लक ४१२, पुस्तकात ४११ आहे, तो एक पूर्णांकांत हरवला.

आणि सोडिअम एकावरच थांबतो तो समाधानी होतो म्हणून नाही. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेतला, त्याला ४५६२ लागतात. एवढी भरपाई करणारा स्फटिक आणायचा कुठून? मी मात्र पोरांना 'सुखी' म्हणून सांगत आलो. मग बोरॉन ट्रायफ्लोराइडमधला बोरॉन आठाऐवजी सहा इलेक्ट्रॉनांवर कसा भागवतो आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडमधल्या गंधकाभोवती बारा कसे, हे कुणी विचारलं की मी 'अपवाद' म्हणून फळा पुसतो. निऑन, झेनॉन अशा राजवायूंची शेवटची कक्षा भरलेली, त्यांना कुणाची गरज नाही, हेही मी छाती फुगवून सांगतो. बार्टलेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच झेनॉनचं संयुग करून दाखवलं होतं, तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता.

रात्री झोप नाही लागली. माझा एक जुना विद्यार्थी आता शिक्षक आहे. गेल्या वर्षी त्याने कौतुकाने कळवलं होतं, "सर, मी तुमचंच नाटक करतो." म्हणजे थापेला नातवंडं झाली!

तू म्हणशील, नववीच्या पोरांना काय ७८७ सांगणार? मीही स्वतःची तीच समजूत घालतोय. गोष्ट मुळात सोपी सांगितली म्हणून तर तिला खोट पकडता आली, असंही म्हणून पाहिलं. तू हसतोयस, मला ऐकू येतंय.

बरं, मुलीचा निकाल काय लागला? नव्या घराची गळती थांबली का? निवृत्तीचे कागद निघाले की नाही? सगळं सविस्तर कळव, मी खरंच वाचतो.

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या तुकडीला हाच धडा आहे. ठरवलंय, सोडिअमने खडू घट्ट धरायचा, दोघांनी ओढून काढायचा. मग पोरं एकाआड एक उभी करायची, सोडिअम, क्लोराइड, सोडिअम. त्या मुलीला तिच्या वर्गातून बोलावून फळ्यावर जमाखर्च लिहायला लावणार, आणि आधी सगळ्यांसमोर कबूल करणार की परवा मी तिला टाळलं. अडचण एकच. जमिनीवर प्रत्येकाला शेजारी चारच मिळतात. पाचवा बाकावर चढवता येईल, सहावा खाली कुठे घालू? तुझं डोकं असल्या गोष्टीत चालतं, गुरुवारच्या आत सुचव.

आणि वही परत पाठव.

तुझा,
बुटक्या