माडीवरच्या भाडेकरूस, जाहीर आभार

चि. भाडेकरूस अनेक आशीर्वाद.

तू बेंगळूरला गेल्यावर फोनवर आभार मानायला लागलो, तर 'सोडा की मामा' म्हणून विषयच तोडलास. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

वाचणाऱ्यांना सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे. उमेदीची वर्षं पॅटर्न शॉपमध्ये गेली; पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना. पन्नाशी आली तसं मला डिस्पॅचला चलनं फाडायला बसवलं, कारण पॅटर्न आता मशीनवर कापून येतात. पगार तेवढाच, मग तक्रार कसली करणार? घरी मात्र भाकरी जरा करपली तरी माझा आवाज चढायचा. आमच्या गल्लीत याला 'वय झालं' म्हणतात आणि विषय मिटवतात. तू मिटवला नाहीस. लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडलास आणि म्हणालास, 'मामा, पन्नाशीच्या माणसाचीच गोष्ट हाय, बघा तरी.'

ती मालिका 'ब्रेकिंग बॅड'. व्हिन्स गिलिगननं काढलेली, 2008 ते 2013, एकूण 62 भाग, सगळं इंग्रजीत. मला नि तुझ्या मामीला त्यातलं ओ का ठो कळेना. दिवसभर काम करून आलेला तू, दर दोन मिनिटांनी थांबवून आपल्या बोलीत सांगायचास. कुणी पैसे देऊनही हे करणार नाही.

पहिल्याच भागात वॉल्टर व्हाइटचा पन्नासावा वाढदिवस. सकाळी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, नंतर कार वॉशमध्ये दुसरी नोकरी. तिथं त्याच्याच वर्गातल्या पोराची गाडी गुडघ्यावर बसून पुसायची वेळ येते आणि पोरगा हसतो. मी तिथं उठून पाणी प्यायला गेलो. तू काही विचारलं नाहीस, मी येईपर्यंत थांबवून ठेवलंस फक्त. पुढं कळतं की ज्या कंपनीत तो सुरुवातीला भागीदार होता, तिच्यातला हिस्सा त्यानं 5,000 डॉलरला विकलेला आणि कंपनी आता अब्जावधींची. त्याला कॅन्सर निघतो, पण त्याचं खरं दुखणं त्याच्या आधीपासूनचं आहे, असं माझं मत. तुझं वेगळं होतं, त्यावरून आपली जुंपलीही. (तुझा आवडता माशीचा भाग मला अजून पटलेला नाही. अख्खा वेळ माशी मारायची?)

माणूस नशेचं विष तयार करून विकतो, खून पाडतो, त्याचं कौतुक मला नाही. पण सगळ्या भागांत 'घरासाठी करतोय' म्हणणारा हा बाबा शेवटच्या भागात बायकोपुढं कबूल करतो की ते स्वतःसाठी होतं, आवडत होतं, जमत होतं. तू हे सांगितलंस आणि तुझी मामी माझ्याकडं वळून म्हणाली, 'तुम्हाला काय आवडतंय ते कधी बोलालाय काय?'

मग बोललो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण 1 टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा लांब. सागवानावर रंधा मारून कोपऱ्याची गोलाई बोटानं तपासायची, आणि साच्यातून पॅटर्न वाळू न मोडता सुटावा म्हणून कडेला किंचित उतार ठेवायचा. एवढी वर्षं संसार करून तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मध्ये मध्ये विचारत होती, तू खाली मान घालून केबल गुंडाळत होतास.

दुसऱ्या आठवड्यात मालकांशी बोललो. जुने लाकडी पॅटर्न दुरुस्तीला बाहेर पाठवता, ते मला द्या म्हटलं. चलनं अजून फाडतोच, पण शनिवारी दुपारनंतर रंधा हातात असतो. आवाज अजून चढतो अधूनमधून, मामीला विचार.

दिवाळीला येशील तेव्हा दुसरी मालिका आण. खून नसलेली, असं मामीचं म्हणणं आहे. माझं तसं काही नाही.

तुझा,
खालचा मामा
अनगोळ, बेळगाव