मासे आणण्यापूर्वी पाणी तयार होऊ द्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या घरसजावटीच्या पानांवर मत्स्यालयाचा विषय आला की तो बहुधा दिवाणखान्याच्या शोभेपुरताच येतो. टाकी कोणत्या दिशेला ठेवावी, आठ सोनेरी माशांसोबत एक काळा मासा का असावा, मागे निळा कागद लावावा की काळा, एवढ्यावर लेख संपतो आणि त्या टाकीत राहणाऱ्या जिवांना जगायला काय लागते, हे वाचकाला कळतच नाही. मुंबईच्या लहान घरांत मासे पाळण्याची हौस मोठी आहे. कुत्रा किंवा मांजर ठेवायचे तर जागेची अडचण आणि शेजाऱ्यांची कुरकुर असते. त्यामुळे मूल हट्टाला पेटले की पालक कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत जातात आणि त्याच संध्याकाळी टाकी, रंगीत खडे, एअर पंप आणि पिशवीतले दहा-बारा मासे घेऊन घरी येतात. पुढच्या पंधरवड्यात त्यांतले निम्मे मरतात. मासे नाजूकच असतात, अशी मनाची समजूत घालून नवे आणले जातात आणि तेही त्याच वाटेने जातात. हे मृत्यू टाळता येतात. ते कसे, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरळ होतो आणि तिथले जिवाणू व वनस्पती तो वापरून टाकतात. नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच. त्यांच्या एका गटाचे काम अमोनियाचे नायट्राइट करणे आणि दुसऱ्या गटाचे काम त्या नायट्राइटचे नायट्रेट करणे. अमोनिया आणि नायट्राइट अगदी थोड्या प्रमाणातही माशाला घातक ठरतात. नायट्रेट मात्र मासा बऱ्यापैकी सहन करतो आणि वनस्पतींना ते खत म्हणून उपयोगी पडते. या दोन्ही गटांची पुरेशी वाढ व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. पाणी दिसायला पहिल्या दिवसापासून स्वच्छच असते आणि तिथेच फसगत होते. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा विरजणासारखा कामी येतो आणि हा काळ बराच कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे टेस्ट किट दुकानांत मिळते. दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत आणि आणतानाही एकदम न आणता थोडे थोडे आणावेत.

एवढे करूनही पुष्कळ टाक्या बिघडतात, कारण त्यांची सफाई. टाकी धुण्यासाठी येणारा माणूस मासे बादलीत काढतो, सगळे पाणी मोरीत ओततो, खडे चोळून चोळून धुतो आणि फिल्टरचा स्पंज पांढरा दिसेपर्यंत नळाच्या धारेखाली पिळतो. घरच्यांना समाधान वाटते, पण त्या तपकिरी गाळातच टाकीचे प्राण, म्हणजे वर सांगितलेले जिवाणू, होते आणि ते क्लोरीनच्या पाण्याने मारून मासे पुन्हा त्याच कोऱ्या टाकीत सोडले जातात. खरे पाहता आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे असते आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात एक-दोनदा दाबून परत बसवायचा असतो.

या सगळ्यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे नैसर्गिक पद्धतीचे, जिवंत वनस्पतींचे मत्स्यालय. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (1954-2015) यांनी दगड, लाकडाचे ओंडके आणि पाणवनस्पती यांतून निसर्गचित्रांसारखी मत्स्यालये उभी केली आणि जगभर त्यांचा आदर्श झाला. ती देखणी असतात यात वाद नाही. परंतु त्यांना लागणारा प्रखर प्रकाश, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि सततची छाटणी नोकरदार मुंबईकराला झेपणारी नाही. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी लोकप्रिय केलेली मातीची पद्धत आपल्याकडे अधिक उपयोगाची आहे. तळाशी साधारण इंचभर साध्या बागेच्या मातीचा थर द्यायचा; तिच्यात रासायनिक खत किंवा ताजे शेण मात्र नसावे. तो इंचभर धुतलेल्या जाड रेतीने झाकायचा, थाळी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतायचे म्हणजे माती उसळत नाही, आणि पहिल्याच दिवशी भरगच्च झाडे लावायची. चार काड्या लावून थांबले तर मातीतून सुटणारी पोषक द्रव्ये शेवाळाच्या वाट्याला जातात. हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, म्हणजे जिवाणूंच्या जोडीला दुसरी यंत्रणा लगेच कामाला लागते. क्रिप्टोकोरिन सावकाश वाढते, पण कमी प्रकाशात तग धरते. पाणथळ जागी उगवणारी ब्राह्मीसुद्धा पाण्याखाली वाढते, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्रकाश दिवसाला 7-8 तास पुरे, आणि टायमर लावला तर विसरण्याचा प्रश्न राहत नाही. टाकी खिडकीतल्या थेट उन्हात ठेवू नये. पहिल्या महिन्यात काचेवर शेवाळ येणार आणि पाणी थोडे पिवळसर होणार. तेव्हा घाबरून सगळे उपसू नये. झाडांबरोबर आलेल्या लहान गोगलगायींनाही शत्रू समजण्याचे कारण नाही, त्या सडकी पाने आणि उरलेले अन्न संपवतात. मुळे धरली की दुपारच्या प्रकाशात पानांच्या कडांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे जमतात आणि एकामागून एक वर सुटतात. रात्री मात्र याच वनस्पती प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर रात्री पंप चालू ठेवावा.

आता मुंबईच्या पाण्याविषयी. भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून येणारे आपले पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, आहे आणि बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना ते मानवते. मासे पाळणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. अडचण आहे ती क्लोरीनची. पाणी बादलीत 24 तास उघडे ठेवावे किंवा क्लोरीन निकामी करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. सोसायटीने गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यावर दोन-तीन दिवस पाणी बदलूच नये. उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जात असेल तर त्याचा जडपणा एकदम वाढलेला असू शकतो, तेव्हाही थोडे थोडेच बदलावे.

उष्णतेचा विचार तर आपल्याकडे क्वचितच होतो. हीटर विकत घेण्याचा सल्ला मिळतो, पण मुंबईत वर्षातला बहुतेक काळ त्याची गरज नसते. मे महिन्यात पाणी 30 अंशांच्या वर जाते, ती खरी काळजी आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. शिवाय पाणी जितके गरम, तितका अमोनिया अधिक विषारी. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. झाकण काढले की मासे उडी मारतात, म्हणून वर जाळी हवी.

यावरून कोणते मासे घ्यावेत हे ठरते. गोल्डफिश कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा मासा. तो वीतभर वाढतो, नीट सांभाळला तर 10 वर्षांहून अधिक जगतो आणि पुष्कळ घाण करतो. त्याला गोल बरणीत ठेवणे ही क्रूरताच आहे. निऑन टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला आणि 22 ते 26 अंशांत खुलणारा. आपल्या मे महिन्यात तो थकतो. त्याच्याऐवजी रिओ निग्रो नदीतला कार्डिनल टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा घ्यावा. थायलंडच्या भातखाचरांतून आलेला फायटर वरची हवा घेऊन श्वास घेऊ शकतो म्हणून कपभर पाण्यात मरत नाही, पण न मरणे आणि जगणे यांत अंतर आहे; झाडी असलेल्या टाकीत हाच मासा तरंगत्या पानाखाली फेसाचे घरटे बांधतो आणि त्याची राखण करतो. गप्पी सोपे असतात, मात्र मादी साधारण महिन्याला पिल्ले देते, त्यांचे काय करायचे ते आधी ठरवावे.

माझा स्वतःचा ओढा भारतीय माशांकडे आहे. झेब्रा डॅनिओ, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हनी गौरामी आणि डोक्यावर चमकता ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत निश्चल थांबून डासांच्या अळ्या टिपणारा पँचॅक्स हे आपल्या हवामानात सहज रमतात. केरळ-कर्नाटकातील ओढ्यांतला डेनिसन बार्ब मात्र टाळावा. सह्याद्रिया डेनिसोनी हे त्याचे शास्त्रीय नाव. तो धोक्यातील प्रजातींच्या यादीत आहे आणि दोन फुटी टाकीत त्याला पोहायला जागाही नसते. हीच गोष्ट वनस्पतींची. कासच्या पठारावर फुलणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, सह्याद्रीच्या सड्यांपलीकडे, म्हणजे खडकाळ पठारांपलीकडे, जगात कुठेही सापडत नाही. हौसेपोटी त्याचे कंद उपटून आणण्याचा मोह कोणी धरू नये. आणि अंगात सुईने रंग टोचलेले ग्लासफिश कोणी विकत असेल तर त्या दुकानातून काहीच घेऊ नये.

टाकी फार लहान नसावी, कारण कमी पाणी लवकर बिघडते. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण 65 लिटर पाणी मावते आणि काच, माती, दगड धरून तिचे वजन 80-90 किलोंवर जाते. जुन्या चाळीत लाकडी तक्तपोशी असेल तर ती खोलीच्या मध्यावर न ठेवता भारवाहू भिंतीलगत ठेवावी.

सगळ्यात गंभीर बाब शेवटी लिहितो. काच साफ करणारा म्हणून दोन-तीन इंचांचा सकर मासा सर्रास विकला जातो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूट-दीड फूट वाढतो, तेव्हा टाकीत मावत नाही आणि दयाबुद्धीने जवळच्या पाण्यात सोडला जातो. आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या तलावांत तो फोफावला आहे; काठ पोखरतो, स्थानिक माशांचे अन्न खातो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. पवई तलावात, बाणगंगेत किंवा एखाद्या विहिरीत घरचे मासे अथवा छाटलेल्या पाणवनस्पती सोडणे हे पुण्य नसून त्या पाण्यावरचे संकट आहे. छाटलेल्या वनस्पती वाळवून कुंडीत घालाव्यात, नको असलेले मासे दुसऱ्या पालकाला द्यावेत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या रूपाने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना माशांची गोडी लावणाऱ्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने शोभिवंत मासे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात माशाचे नाव, त्याची पूर्ण वाढ किती आणि त्याला मानवणारे तापमान मराठीत लिहिलेली पाटी सक्तीची करावी, आणि ग्राहकाला नकोसा झालेला मासा परत घेण्याची जबाबदारी दुकानदारावर टाकावी. आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी मत्स्यालयावर लेख छापताना दिशा आणि रंगसंगतीच्या आधी पहिल्या सहा आठवड्यांत काय करायचे ते छापावे. शाळांना सुट्ट्या लागण्यापूर्वी तो आला तर अधिक चांगले, कारण टाक्यांची खरेदी तेव्हाच जोरात होते.

आपला नम्र,
एक मत्स्यपालक वाचक, मुलुंड, मुंबई