बाबा, गोळी वेळेवर घ्या

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात तसंच पडून आहे, असं आई म्हणाली. "अफूच ती, एकदा लागली की सुटायची नाही," हे तुमचं म्हणणंही तिनं सांगितलं. बाबा, माझं रोजचं काम याच औषधांभोवती चालतं. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या पेट स्कॅनच्या वेळी साखरेसारखं एक किरणोत्सारी द्रव्य टोचलं होतं. गाठीच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून त्या उजळल्या. आम्ही तसंच मशीन मेंदूसाठी वापरतो, फक्त टोचतो ते कार्फेंटॅनिल, मॉर्फिनच्याच जातीचं औषध. ते मॉर्फिनच्या हजारो पट तीव्र, त्यामुळे देतो ते अगदी काही मायक्रोग्रॅम. त्याला जोडलेला किरणोत्सारी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो. तो बनवणाऱ्या यंत्रातून, सायक्लोट्रॉनमधून, तो बाहेर आला की आमची जी पळापळ सुरू होते, ती माणूस स्कॅनरमध्ये आडवा होईपर्यंत थांबत नाही. मग पडद्यावर मेंदूच्या मध्यातला थॅलॅमस झळकतो आणि नजरेचं काम करणारा मागचा भाग जवळजवळ काळा राहतो. उजेड दिसतो तिथे ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूसारखी औषधं जिथे चिकटतात त्या पेशींवरच्या जागा, दाट असतात. मॉर्फिन जाऊन बसतं ते त्यांच्यावरच.

त्या जागा दुसऱ्या औषधानं आधीच अडवल्या असतील, तर उजेड घटतो. किती घटला, त्यावरून औषधानं किती जागा धरल्या ते कळतं. इथल्याच विद्यापीठात हेरॉईनचं व्यसन असलेल्या पाच जणांवर ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसन सोडवायला देतात ते औषध असं मोजलं गेलं. निष्कर्ष २००३ साली छापून आले. २ मिलिग्रॅमनं ४१ टक्के जागा भरल्या, १६ नं ८० आणि ३२ नं ८४. शेवटी डोस दुप्पट केला, तरी भर पडली चारच टक्क्यांची! व्यसन सोडवण्याच्या उपचारात डोस ठरवताना अशा आकड्यांचा फार उपयोग होतो.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते यापुढचं. हे रिसेप्टर अफूसाठी बनलेले नाहीत. ते १९७३ साली बाल्टिमोरमध्ये पर्ट आणि स्नायडर या संशोधकांनी दाखवून दिले. दोनच वर्षांत ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मेंदू स्वतः बनवतो ती मॉर्फिनसारखी द्रव्यं सापडली. पुढे २००१ साली झुबिएटा यांच्या गटानं धडधाकट माणसांच्या जबड्याच्या स्नायूत खारं पाणी टोचून वेदना चालू ठेवली आणि त्याच वेळी मेंदूचे स्कॅन घेतले. वेदना होत असताना मेंदूनं आपलं स्वतःचं औषध सोडलेलं त्यात दिसलं. ज्यांच्या मेंदूच्या ठरावीक भागांत ते जास्त सुटलं, त्यांना दुखलंही कमी.

बाबा, हाडांत पसरलेल्या आजाराच्या वेदनेला मेंदूचं हे औषध पुरं पडत नाही. गोळी त्याच जागांवर तेच काम करते. "मी सहन करीन" म्हणता तेव्हा माझा जीव तुटतो. त्या सहन करण्यातून आजार कणभरही मागे हटत नाही, जाते ती तुमची झोप.

तुमची भीती खोटी नाही. ही औषधं गरजेपेक्षा जास्त वाटली गेली आणि त्यात घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, हे या देशात मी बघते आहे. पण शरीराला सवय होणं वेगळं आणि औषधाच्या मागे आयुष्य उधळणं वेगळं. सवय होईल, म्हणून गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. श्वासाची लय सांभाळणाऱ्या भागातही हेच रिसेप्टर आहेत, म्हणून डोस मनानं वाढवायचाही नाही आणि झोपेची दुसरी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आई, दुखणं भडकायची वाट बघू नकोस, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा घड्याळ लावून पाळ. आतड्यातही हे रिसेप्टर असतात, त्यामुळे बद्धकोष्ठ होणारच. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून विचारून घे. खूप गुंगी आली, हाक मारूनही उठेनात किंवा श्वास मंद वाटला, तर मला फोन करण्याआधी डॉक्टरांना कर.

आज रात्रीची गोळी घ्या, बाबा. उद्या तुमच्या सकाळी मी फोन करते, झोप कशी लागली ते तुम्हीच सांगा.

तुमची,
मनू