औंध संस्थानच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात

संपादक महोदय,

सातारा जिल्ह्यातील औंध हे माझे गाव. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो, आणि आज नव्वदीच्या उंबरठ्यावरही यमाईच्या डोंगरावरून दिसणारे ते लहानसे, नेटके गाव माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. शाळेत आम्ही सूर्यनमस्कार घालत असू, तर पहाटे राजेसाहेबही ते घालतात, हे गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असे.

अशा राजाने १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना स्वीकारून, आपली सत्ता आपणहून ग्रामपंचायतींच्या हाती सोपवली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींविना, कुटुंबासह शेती करीत राहू देणारी वसाहत उभी राहिली, तीही याच काळात. (थोरली माणसे पारावर याविषयी बोलत, तेव्हा आवाजात जो अभिमान असे, तो मला अजून ऐकू येतो.)

औंधचे वस्तुसंग्रहालय पाहायला पर्यटक येतात, याचा आनंदच आहे; परंतु तिथली चित्रे जपली गेली, तशा त्या स्वराज्यात वावरलेल्या माणसांच्या आठवणी जपल्या गेल्या नाहीत. औंध, आटपाडी आणि कुंडल परिसरात असे मोजकेच वृद्ध उरले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरी जाऊन हे सारे ध्वनिमुद्रित करावे, ही कळकळीची विनंती.

– एक जुना औंधकर