चॅरिटी ॲडम्स यांचे नाव परत लावा : अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
पेंटॅगॉन, व्हर्जिनिया

स. न. वि. वि.

मी व्हर्जिनियात राहणारी एक मराठी आई. माझी मुलगी तुमच्या फौजेत आहे. पीटर्सबर्गजवळच्या तळावर तिने क्वार्टरमास्टरचे, म्हणजे फौजेला दाणागोटा, कपडे, इंधन पुरवण्याचे शिक्षण घेतले. तेव्हा फाटकावर नाव होते फोर्ट ग्रेग-ॲडम्स. त्या पाटीजवळ काढलेला आम्हा दोघींचा फोटो दिवाणखान्यात आहे. परवा त्याच रस्त्याने गेलो, तर पाटी फोर्ट लीची. मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तुम्ही कोणाचे नाव काढलेत, ते सांगते. १९४५ च्या फेब्रुवारीत मेजर चॅरिटी ॲडम्स ६८८८ क्रमांकाची टपाल बटालियन घेऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमला पोचल्या. साडेआठशेच्या आसपास स्त्रिया, बहुतेक सगळ्या कृष्णवर्णीय. थंडगार गोदामांत पत्रांचे ढीग, खाऊच्या पार्सलांत उंदीर. एकाच नावाचे हजारो सैनिक, तरी ज्याचे पत्र त्यालाच. सहा महिन्यांचे म्हणून दिलेले काम त्यांनी तीन पाळ्यांत राबून तीन महिन्यांत उपसले. माझे आजोबा त्या काळात मराठा पलटणीतून इटलीत होते. आजीला कित्येक महिने त्यांचे पत्र नव्हते. ती रोज वेशीपर्यंत जाऊन पोस्टमनची वाट पाहायची. ते ऐकत मी वाढले आहे. म्हणून ॲडम्सबाई मला परक्या वाटत नाहीत.

दुसरे नाव लेफ्टनंट जनरल आर्थर ग्रेग यांचे. कृष्णवर्णीय म्हणून याच तळावरच्या अधिकारी क्लबात त्यांना पाऊल टाकू दिले नव्हते. पुढे तळालाच त्यांचे नाव लागले, २७ एप्रिल २०२३ ला, त्यांच्या डोळ्यांदेखत. ऑगस्ट २०२४ मध्ये ते वारले. हे पाहायला ते राहिले नाहीत, तेच बरे झाले.

आणि रॉबर्ट ई. ली, ज्याचे नाव २०२३ पर्यंत या तळाला होते? यादवी युद्धातला हा दक्षिणेचा बंडखोर सेनानी. १८६१ साली फौजेचा राजीनामा दिला आणि त्याच फौजेवर बंदूक रोखली, गुलामगिरी राखणाऱ्या राज्यांसाठी. याच पीटर्सबर्गपुढे नऊ महिन्यांहून जास्त काळ लढाई चालली.

तुम्ही म्हणाल, हे नाव त्या लीचे नाही, फिट्झ ली यांचे आहे. फिट्झ ली कृष्णवर्णीय सैनिक, क्युबातल्या पराक्रमासाठी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे शौर्याचे सर्वोच्च पदक, मिळालेले. त्यांचा सन्मान जरूर करा, पण पूर्ण नावाने करा! कायद्याने बंडखोर सेनानींची नावे ठेवायला मनाई केली, म्हणून तुम्ही त्याच आडनावाचा माणूस शोधून आणलात. १० जून २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी भाषणात सरळ 'फोर्ट रॉबर्ट ई. ली' म्हटले. मग फिट्झ ली यांना ढाल कशाला केलेत? त्याआधी सहाच आठवड्यांपूर्वी कॅपिटॉल या संसद भवनात ६८८८ बटालियनला काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सुवर्णपदक दिले होते. एका हाताने पदक, दुसऱ्या हाताने पाटी उचकटणे, याला सैनिकांचा मान म्हणतात का?

बंडखोर सेनानींची नावे असलेल्या नऊ तळांची नावे बदलायला त्यासाठी नेमलेल्या समितीने दोन कोटी दहा लाख डॉलरचा अंदाज दिला होता. ते पैसे आमच्या करांतले. आता उलट्या दिशेने पुन्हा खर्च. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतून २०२३ मध्ये उतरवलेले बंडखोर सैनिकांचे स्मारक, ज्यात गुलाम स्त्री गोऱ्या अधिकाऱ्याचे मूल हातात धरून उभी आहे, तेही परत बसवणार म्हणता. वॉशिंग्टनमध्ये अल्बर्ट पाईक या बंडखोर सेनानीचा पुतळा पुन्हा उभा राहिलाच. सरकार बदलले की पुतळे चढतात नि उतरतात, आणि फौजेत मुले पाठवणाऱ्या आम्हाला कोणी विचारत नाही. तुमच्या कुठल्या वचनावर आम्ही लेकरे सोपवायची?

माझी मागणी एवढीच. ग्रेग-ॲडम्स हे नाव परत द्या. ते होईपर्यंत फाटकावर निदान 'फिट्झ ली' असे पूर्ण लिहा, आणि आत शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला बर्मिंगहॅमची हकिगत शिकवा.

उत्तर टपालाने पाठवा. मी वाट पाहते.

आपली,
एका सैनिक मुलीची आई