लँडिंग गिअरची तपासणी: मुदतीइतकीच जागाही महत्त्वाची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिहानमध्ये विमान दुरुस्तीचा पसारा वाढतो आहे, ही नागपूरसाठी चांगलीच गोष्ट. मात्र लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाची चाके आणि त्यांना धरणारे पाय यांच्या, सक्तीच्या तपासणीचा विषय निघाला की ती मुदतीत झाली का, एवढेच विचारले जाते. कशी झाली, हे कोणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

मोठ्या विमानांच्या गिअरचे मुख्य भाग बहुधा ३००एमसारख्या अतिकणखर पोलादाचे असतात. ताकद प्रचंड, पण गंजाचा एक ठिपका पुरतो. तिथून चीर सुरू होते आणि भाग आधी न वाकता एकदम तुटतो. सप्टेंबर २००७ मध्ये डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग आणि लिथुआनियातल्या विल्नियस इथे तीन दिवसांच्या अंतराने दोन क्यू४०० प्रवासी विमानांचे उजवे गिअर उतरताना कोसळले. गंज होता गिअर आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेच्या दांड्याच्या टोकाच्या आट्यांमध्ये, वरून न दिसणाऱ्या जागी.

म्हणून टॉर्च मारून भागत नाही. पिन किंवा अॅक्सलमधली (चाकाच्या आसातली) चीर शोधणारी चुंबकीय तपासणी करायची तर आधी ग्रीस आणि रंग पूर्ण उतरवावा लागतो. मग चिरेवर गोळा होऊन अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणाऱ्या लोहकणांचे द्रावण सोडत भागाला एकदा उभे आणि एकदा आडवे चुंबकत्व द्यायचे, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेली चीर उमटतच नाही. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश भागावर दर चौरस सेंटिमीटरला किमान १,००० मायक्रोवॅट हवा, आणि आजूबाजूचा पांढरा उजेड २० लक्सच्या आत. तपासणाऱ्याने अंधारात निदान मिनिटभर डोळे सरावू द्यायचे. उन्हात काळा पडणारा चष्मा चालत नाही. भर दुपारी दारे उघडी असलेल्या हँगरमध्ये हे कसे जमणार? काळ्या कापडाचा बंदिस्त तंबू हवाच.

अॅल्युमिनियमच्या भागांना डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव, लावतात. त्यासाठी पृष्ठभागाचे तापमान साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या आत असावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या उघड्या जागेवर, तापलेला धातू ती मर्यादा सहज ओलांडतो, पेनिट्रंट वेळेआधी सुकते आणि चीर असूनही भाग निर्दोष ठरतो.

धुलाईचेही तसेच. जोराच्या फवाऱ्याने सांध्यातले ग्रीस निघते आणि पाणी आत शिरते. धुतल्यावर जुने ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरायलाच हवे. पावसाळ्यात तर ड्रेन होल (पाणी निचरण्याची छिद्रे) तुंबलेली नाहीत ना, हे दर वेळी तार घालून पाहावे.

माझ्या दोन मागण्या आहेत. तपासणी पत्रकावर भाग स्वच्छ कोणी केला आणि तपासला कोणी, यासाठी वेगळ्या सह्या असाव्यात. त्यासोबत दिव्याची मोजलेली तीव्रता आणि भागाचे तापमानही नोंदवावे. आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पाहणी पथकाने कागदांबरोबर तो अंधारा तंबूही उघडून बघावा.

कळावे,
एक विमान देखभाल अभियंता, नागपूर